वाया गेलेले बॉक्सर, की वाया घालवलेले?

सूरसागरकाठ:

गेल्या रविवारी बडोद्यात, दांडियाबाजारात एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारच्या गृहस्थांनी बटूच्या आजोबांकडे बोट दाखवून आपल्या मुलाला सांगितलं, "हे एके काळी मोठे बॉक्सर होणार होते. पण वाया गेले." आजोबा चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं, मान खाली घातली आणि दुसऱ्या ओळीकडे निघून गेले. पुढचा घास माझ्या घशाखाली उतरला नाही.

तो माझा मित्र. नाव देत नाही, त्याला ते आवडणार नाही. घरचं कार्य असूनही तो वाढायला पुढे येत नव्हता हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? डाव्या हातात त्याला पातेलं पेलवत नाही. मनगट वळतच नाही.

१९८७ साली तो १८ वर्षांचा होता, ५१ किलोत खेळायचा. डावखुरा. उजवा पाय पुढे, उजव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, इतका हलका, की समोरच्याला वाटावं हा नुसतं अंतर मोजतोय. तो विचार पुरा व्हायच्या आत डावा सरळ ठोसा हनुवटीवर पोचलेला असायचा. मी पुढे बऱ्याच चांगल्या मुलांना खेळताना पाहिलं, पण ठोसा मारून झाल्यावर हात परत गार्डवर आणण्याचा तो वेग मला पुन्हा दिसला नाही.

नवापुऱ्यातल्या एका वाड्याच्या मागच्या अंगणात आमचा सराव चालायचा. बॅग म्हणजे गोणपाटात भरलेला लाकडाचा भुसा आणि शिंप्याकडच्या चिंध्या. पंधरा मुलांत ग्लोव्हजचे चार जोड, तेही घामाने भिजून आतला कापूस मनगटाकडे सरकलेले. बोटांच्या गाठींवर नुसतं चामडं उरलेलं. बँडेज म्हणजे दवाखान्यातली पांढरी पट्टी, धुऊन धुऊन दोरीसारखी झालेली.

निवड चाचणी तीन आठवड्यांवर आलेली असताना स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, त्याचा डावा ठोसा समोरच्याच्या कोपरावर बसला आणि मनगट मागे दुमडलं. मुरगळलंय असं ठरलं. आंबेहळदीचा लेप लागला, आठ दिवस विश्रांती झाली, आणि पुन्हा ग्लोव्ह चढला. चाचणीत पहिल्या दोन बाउट (लढती) त्याने जिंकल्या. तिसरी गुणांवर हरला. सहा महिन्यांनी त्या हाताची मूठ पूर्ण वळेना. एकोणिसाव्या वर्षी खेळ संपला.

आपल्या भाषेत 'वाया गेला' आणि 'वाया घालवला' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. पहिल्यात सगळा दोष त्या माणसाचा. दुसऱ्यात निदान विचारता तरी येतं, कुणी घालवला?

डिंको सिंगचंच बघा. १९९८च्या बँकॉक एशियाडसाठी आधी त्याला संघातून वगळलं होतं. मग घेतलं. १९ वर्षांच्या त्या मणिपुरी पोराने ५४ किलोत सुवर्ण आणलं. अंतिम लढतीत उझबेकिस्तानचा तिमूर तुल्याकोव्ह चौथ्या राउंडनंतर पुढे खेळूच शकला नाही. एशियाडमध्ये बॉक्सिंगचं सुवर्ण आपल्याला १९८२च्या कौर सिंगनंतर तेव्हा मिळालं. अनाथाश्रमात वाढलेला मुलगा. पण २०००च्या सिडनी ऑलिंपिकला पहिल्याच लढतीत हरला, आणि मनगटाच्या दुखापतीने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. जून २०२१ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने गेला. मेरी कोमने त्याचं सुवर्ण पाहून ग्लोव्हज चढवले, तरी त्याच्याबद्दल 'एका स्पर्धेचा राजा' असं बोललेलं मी ऐकलंय.

म्हणून धागा काढतोय. तुम्हाला आठवणारे असे बॉक्सर लिहा. नुसतं 'गुणी होता' नको, नेमकं काय झालं ते लिहा.


मांडवीचा_वाटसरू:

काका, वाचून सुन्न झालो. मी खेळलेलो नाही, पण गेली वीस वर्षं व्यावसायिक बॉक्सिंग जिवाच्या आकांताने बघतोय. माझ्या मनातलं पहिलं नाव हॉवर्ड डेव्हिस ज्युनिअर.

१९७६ माँट्रियल. अमेरिकेने बॉक्सिंगची पाच सुवर्णं घेतली: लिओ रँडॉल्फ, हॉवर्ड डेव्हिस, शुगर रे लेनर्ड, मायकेल स्पिंक्स, लिऑन स्पिंक्स. त्या ऑलिंपिकमधल्या सर्वोत्तम बॉक्सरचा व्हॅल बार्कर चषक कुणाला मिळाला? लेनर्डला नाही, डेव्हिसला. निवड चाचणीत त्याने ॲरन प्रायरला हरवलं होतं, आणि हा प्रायर पुढे विश्वविजेता झाला. पाच सुवर्णवाल्यांपैकी चौघं व्यावसायिक विश्वविजेते झाले. एकटा डेव्हिस राहिला.

तीन संधी मिळाल्या त्याला. १९८० मध्ये ग्लासगोत जिम वॉटच्या घरच्या प्रेक्षकांसमोर हरला. १९८४ मध्ये एडविन रोझारिओशी फार थोडक्यात हुकलं. शेवटच्या राउंडच्या अखेरच्या सेकंदांत तो खाली पडला नसता तर निकाल उलटा लागला असता असं मला अजून वाटतं. १९८८ मध्ये बडी मॅकगर्टने पहिल्याच राउंडला संपवलं.

लोक म्हणतात, पैसा लवकर मिळाला, भूक मेली. टीव्हीचा मोठा करार त्याच्याकडे होता हे खरं. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. माँट्रियलची स्पर्धा सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी त्याची आई वारली. वीस वर्षांचा मुलगा तशा मनाने रिंगमध्ये उतरला आणि सुवर्ण घेऊन परतला. ज्या पंधरवड्याला सगळे त्याच्या गुणांचं शिखर म्हणतात, तोच त्याच्या आयुष्यातला सगळ्यात काळा पंधरवडा होता. पुढे त्याच्या पायांत तो आनंद दिसला नाही याचं कारण मला तरी करारात सापडत नाही.


माळवी_मुशाफिर:

इंदूरहून लिहितोय, बडोद्यात माझं आजोळ. धागा फार जवळचा आहे.

आपल्याकडची एक वेगळी जात सांगतो: सेकंदांनी हरलेले. सिडनी २०००, ८१ किलो, उपांत्यपूर्व फेरी. गुरचरण सिंग विरुद्ध युक्रेनचा आंद्री फेडचुक. गुरचरण शेवटच्या काही सेकंदांपर्यंत पुढे होता. भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक ठरणार होतं ते. फेडचुकने शेवटी बरोबरी साधली, १२-१२, आणि मोजणीत निकाल त्याच्याकडे गेला.

ही मोजणी काय असते ते नव्या लोकांसाठी लिहितो. १९८८च्या सोलमध्ये निकालांचा इतका गोंधळ झाला की १९९२पासून ऑलिंपिकला यंत्र आलं. पाच जज, प्रत्येकासमोर बटणं. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच ठोशाचा गुण. बरोबरी झाली तर पाचही जजांनी दाबलेल्या सगळ्या बटणांची बेरीज बघायची. म्हणजे चार वर्षांची मेहनत कुणाचं बोट किती चपळ यावर. पोटावरचे ठोसे या पद्धतीत हरवूनच जायचे. जे मुलगे जवळ जाऊन बरगड्यांवर काम करायचे, त्यांचा खेळच त्या २० वर्षांत मातीमोल झाला. लंडन २०१२ नंतर ही पद्धत गेली. तोवर एक पिढी खेळून थकली होती.

आणि विकास कृष्ण. २०१० मध्ये १८व्या वर्षी एशियाडचं सुवर्ण. लंडनला ६९ किलोत एका अमेरिकन मुलाला १३-११ हरवलं, रिंगमध्ये हात वर झाला. काही तासांनी अमेरिकेच्या अपिलावर निकाल फिरवला, १५-१३. विकासने तिसऱ्या राउंडमध्ये समोरच्याला वारंवार धरलं, दुसऱ्यात गमशिल्ड (दातांवरचं कवच) मुद्दाम थुंकलं, त्याचे दंडाचे गुण रेफरीने त्या अमेरिकन मुलाला द्यायला हवे होते असं ठरलं. तो अमेरिकन मुलगा म्हणजे एरल स्पेन्स, २०१७ मध्ये विश्वविजेता झाला. विकासने धरलं होतं हे मीही पाहिलं, नाकारत नाही. पण रेफरीने ज्या क्षणी सांगितलं असतं त्या क्षणी त्याने खेळ बदलला असता. सामना संपल्यावर दंड मोजला तर तो खेळाडू दुरुस्ती करणार कधी?


जुनं_बडोदं:

थोडं विषयाच्या काठावरून. या गावाला ठोशांचं वावडं कधीच नव्हतं. गायकवाडांच्या दरबारात ज्येष्ठीमल्ल या पिढीजात पैलवानांच्या वज्रमुष्टीच्या लढती व्हायच्या, मुठीत शिंगाचं काटेरी हत्यार धरून. रक्त निघायचंच. सयाजीराव महाराजांच्या काळात व्यायामाला शिस्त आली. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव ही नावं बडोद्याच्या मराठी घरांत आजही आदराने घेतली जातात. त्या संस्कृतीत उस्तादाला प्रत्येक पोराचं शरीर माहीत असे. कुणाचा खांदा निसटतो, कुणाच्या घरी दूध येत नाही, सगळं. कोच स्पर्धेपुरता भेटायला लागला, तशी ती माहिती कुणाकडेच राहिली नाही.


सयाजीबाग_सकाळ:

युनिव्हर्सिटीत दोन वर्षं बॉक्सिंग केलं आहे, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही सगळे पुरुषांची नावं घेताय, तर ही घ्या. २००६, दिल्ली, महिलांची जागतिक स्पर्धा. भारताला चार सुवर्णं: मेरी कोम, सरिता देवी, जेनी आर. एल. आणि लेखा के. सी. चार! एकाच स्पर्धेत. आता इथे कितीजणांना शेवटची दोन नावं आधीपासून माहीत होती?

त्यांच्यात काय कमी होतं? काहीच नाही. ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंगच नव्हतं. २००८च्या बीजिंगला नव्हतं, २००९ मध्ये मान्यता मिळाली, २०१२ ला आलं. आणि आलं तेही फक्त तीन वजनगटांत, ५१, ६० आणि ७५. मेरीला ४८ सोडून ५१ मध्ये मोठ्या अंगाच्या मुलींशी खेळावं लागलं, तरी तिने कांस्य आणलं. सरिता ६० मध्ये गेली आणि लंडनला पोचू शकली नाही. २०१४ला इंचिऑन एशियाडच्या उपांत्य फेरीत कोरियाच्या पार्क जिनाला तिने झोडपलं होतं, निकाल मात्र पार्कच्या बाजूने. पदक स्वीकारलं नाही म्हणून सरितावर एक वर्षाची बंदी आली. पोडियमवरचं तिचं रडणं मी आजही बघू शकत नाही.

माझ्याबरोबर एक मुलगी होती, ६३ किलोची. तिच्या गटाला ऑलिंपिकमध्ये जागाच नव्हती. तिने मला विचारलं होतं, "मी कशासाठी पळू?" मला उत्तर देता आलं नाही. तिने नोकरी धरली.


मांडवीचा_वाटसरू:

ताई, खरंच शेवटची दोन नावं मला माहीत नव्हती. लिहून ठेवली.

स्वतःहून उद्ध्वस्त झालेल्यांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर धागा अपुरा राहील. टोनी आयाला ज्युनिअर. सॅन अँटोनिओचा, वयाच्या १९व्या वर्षी २२ लढती, २२ विजय, डेव्ही मूरशी विश्वविजेतेपदाची लढत जवळ आलेली. १ जानेवारी १९८३ ला अटक झाली, ३५ वर्षांची शिक्षा. सोळा वर्षांनी बाहेर आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. आणि नायजेरियाचा आइक इबेआबुची. जून १९९७ मध्ये त्याने डेव्हिड टुआला हरवलं. दोघांनी मिळून १,७३० ठोसे मारले, हेवीवेटमध्ये असं कधी मोजलं गेलं नव्हतं. २० लढतींत २० विजय, नंतर तुरुंग. त्याचं मन आजारी होतं हे पुढे उघड झालं. टुआच्या लढतीनंतर त्याचं डोकं दुखायचं म्हणतात, तेव्हाच कुणी थांबवायला हवं होतं. केवढी गुणवत्ता मातीत गेली!


सयाजीबाग_सकाळ:

दादा, एक स्पष्ट बोलते, राग मानू नका. आयालाने त्या रात्री काय केलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. शेजारच्या घरात घुसून त्याने एका शिक्षिकेवर बलात्कार केला. तिचंही काहीतरी होणार होतं आयुष्यात. इथे आपण जे हळहळतोय, त्या यादीत मला त्याचं नाव डिंकोच्या शेजारी नको आहे.


मांडवीचा_वाटसरू:

बरोबर आहे तुमचं. मी 'अटक झाली' एवढ्यावर सोडलं, ते चूक झालं. आयालाचं नाव मी मागे घेतो. इबेआबुचीचं काय करावं मला समजत नाही, कारण त्यानेही लोकांना दुखावलं आणि तो आजारीही होता. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

आयालाच्या जागी बिली कॉलिन्स ज्युनिअर लिहितो. १४ विजय, एकही पराभव नाही, वय २१. १६ जून १९८३, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर लुइस रेस्टो. दहा राउंड कॉलिन्सचा चेहरा सुजत गेला, आणि लढत संपल्यावर त्याच्या वडिलांनी, जे त्याचे कोचही होते, रेस्टोशी हात मिळवला. हात लागताच त्यांना ग्लोव्हमधला कापूस जाणवेना. काढून घेतलेला होता. कॉलिन्सच्या डोळ्याला कायमची इजा झाली, पुन्हा रिंगमध्ये उतरलाच नाही. पुढच्या मार्चमध्ये मोटार अपघातात गेला.

काका, तुम्ही ग्लोव्हजचा कापूस मनगटाकडे सरकल्याचं लिहिलंत, तेव्हाच मला हे आठवलं होतं.


माळवी_मुशाफिर:

+१ ताई.

भारतातलं अजून एक. डिसेंबर २०१२ मध्ये जागतिक संघटनेने आपल्या महासंघावर निलंबन आणलं. मग नवी संघटना, तिच्यातही भांडणं, मग तात्पुरती समिती. नीट कारभार २०१६च्या सप्टेंबरला नवा महासंघ आल्यावर. मधल्या चार वर्षांत राष्ट्रीय स्पर्धांचं वेळापत्रकच कोलमडलं. लंडनला आपले आठ बॉक्सर गेले होते. रिओला तीन: शिव थापा, मनोज कुमार, विकास. एकही मुलगी नाही.

देवेंद्रो सिंग लंडनला २० वर्षांचा होता. ४९ किलोचं ते वादळ ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. पॅडी बार्न्सकडून उपांत्यपूर्व फेरीत हरला तेव्हा सगळे म्हणाले, रिओला हा पदक आणणार. रिओला तो पोचलाच नाही. बॉक्सरची चांगली वर्षं सहा-सात. त्यातली चार खुर्च्यांच्या भांडणात गेली.

शिव थापाबद्दलही सांगतो. लंडनला पहिल्या फेरीत मेक्सिकोचा ऑस्कर वाल्देस, रिओला पहिल्या फेरीत क्यूबाचा रोबेइसी रामिरेस. दोघेही पुढे व्यावसायिक विश्वविजेते. 'ऑलिंपिकमध्ये एकही बाउट जिंकली नाही' एवढंच लोक लक्षात ठेवतात, समोर कोण होतं ते नाही.


अस्थितज्ज्ञ_अलकापुरी:

धागा सुरुवातीपासून वाचतोय. काकांच्या मित्राच्या हाताबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं, होडीच्या आकाराचं एक हाड म्हणजे स्केफॉइड. हात ताठ असताना मनगट मागे दुमडलं की तेच मोडतं. त्याचा लबाडपणा असा की सूज फार येत नाही, हात हलतो, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये चीर बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून अंगठ्याच्या मुळाशी, ताणल्यावर जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखत असेल, तर प्लास्टर घालून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. दुसरं, या हाडाला रक्त उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकातून मिळतं. मधे मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो. वेळेवर स्थिर केलं नाही तर जुळत नाही, आणि वर्षानुवर्षांत सगळं मनगट झिजतं.

हळदीच्या लेपाने सूज उतरली असेल. त्यामुळे सगळ्यांना वाटलं असेल की बरं झालं.

न तपासता छातीठोक सांगणार नाही. पण काका, त्यांना घेऊन या. पैशांचा विषय काढू नका.


सूरसागरकाठ:

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि सकाळपर्यंत झोप लागली नाही.

पहिल्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, 'मुरगळलंय असं ठरलं.' ठरलं नव्हतं. मी ठरवलं होतं. आमच्यात मी सगळ्यात मोठा, २० वर्षांचा, मला थोडंफार कळतं असं सगळे मानायचे. त्याने अंगठ्याखाली बोट ठेवून सांगितलं होतं, "इथे टोचतंय." मी दाबून पाहिलं आणि म्हणालो, "काही नाही, शीर चढलीय." लेप मी लावला. चाचणीत त्याच्या कोपऱ्यात मी होतो. दुसऱ्या बाउटनंतर ग्लोव्ह काढताना तो ओठ चावत होता. मी बँडेज अजून घट्ट बांधलं आणि त्याला परत पाठवलं.

अडतीस वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नाही. त्याने कधी मला दोष दिला नाही, त्यामुळे सांगायची वेळच आली नाही. परवाच्या पंगतीत त्या गृहस्थांना मी उत्तर द्यायला हवं होतं, तेही दिलं नाही.

मी त्याला घेऊन येतो.


जुनं_बडोदं:

काका, वीस वर्षांच्या पोराने एक्स-रे कुठून वाचायचा? आसपास एक तरी जाणता माणूस असायला हवा होता. पण तुम्ही हे लिहिलंत ते चांगलं केलंत.


मांजलपूरची_आई:

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा १५ वर्षांचा, दोन वर्षांपासून बॉक्सिंग करतो. वजन ५८.५. बारा दिवसांवर स्पर्धा आहे. त्याला शिकवणारे म्हणतात ५४ मध्ये खेळव, तिथे पदक सोपं आहे. सध्या पोरगा भात-पोळी खात नाही, पाणी घोटभर. दुपारी दोन वाजता अंगात प्लास्टिकचं जॅकेट घालून पळतो. बडोद्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. काल जिन्यात बसला आणि उठेना. मी बोलले की चिडतो. म्हणतो, "आई, मोठे बॉक्सर असंच वजन तोडतात." मी काय करू?


अस्थितज्ज्ञ_अलकापुरी:

ताई, ते जॅकेट आज बंद. हे आधी वाचा, बाकीचं नंतर.

या उन्हात घाम कोंडून पळणं जिवावर बेतू शकतं. वाढीचं वय आहे, साडेचार किलो चरबी त्याच्या अंगावर नाहीच. जे जातंय ते पाणी आणि स्नायू. अंगातलं पाणी कमी असताना डोक्यावर ठोसे खाणं जास्त धोक्याचं. जिन्यात उठता आलं नाही म्हणजे शरीराने सूचना दिलेली आहे. उद्याच जवळच्या डॉक्टरांना दाखवा.


मांडवीचा_वाटसरू:

ताई, मुलाला सांगा, मोठे बॉक्सर असं करतात आणि त्यातच संपतातही. डॉनल्ड करीचं नाव सांगा. १९८५च्या डिसेंबरमध्ये मिल्टन मॅकरोरीला दुसऱ्या राउंडमध्ये पाडून तो वेल्टरवेटचा निर्विवाद विजेता झाला. कित्येक जाणकार त्याला जगातला सर्वोत्तम बॉक्सर म्हणत होते. पण अंग वाढलं होतं, १४७ पौंडांत बसवायला ओढाताण चालली होती. सप्टेंबर १९८६ मध्ये ज्याला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं अशा लॉइड हनीगनसमोर आला तो अर्धा रिकामा होऊन. सहा राउंडनंतर स्टुलावरून उठलाच नाही. पुढे वरच्या गटात विजेतेपद मिळालंही, पण तो करी पुन्हा दिसला नाही.

आणि व्यावसायिकांचं वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, त्यांना भरून निघायला वेळ असतो. मुलाच्या स्पर्धेत वजन त्याच दिवशी सकाळी.


सूरसागरकाठ:

ताई, ५८.५ वजन म्हणजे तो ६० च्या गटात आजच बसतो. काही तोडायचं नाही. त्याला पोटभर जेवू घाला आणि ६० मध्ये खेळवा. हरेल कदाचित. हरू दे. तुम्ही स्वतः जाऊन शिकवणाऱ्यांशी बोला, मुलाला निरोप्या करू नका. त्या वयात तो त्यांच्यासमोर 'नाही' म्हणू शकणार नाही. हवं तर मी बरोबर येतो. आणि तो 'इथे दुखतंय' म्हणाला तर ऐका. कितीही क्षुल्लक वाटलं तरी ऐका.


मांजलपूरची_आई:

काका खरंच आमच्या बरोबर आले होते, सगळ्यांसमोर आभार मानते. शिकवणारे सुरुवातीला रागावले, मग ऐकलं त्यांनी.

काल स्पर्धा झाली. ६० मध्ये खेळला. पहिली बाउट जिंकला, दुसरी हरला, समोरचा मुलगा वीतभर उंच होता. घरी आल्यावर वरण-भात दोनदा घेतला आणि आठ वाजताच झोपला. आज सकाळी उठून त्या उंच मुलाला आत शिरून कसं मारायचं याचा शॅडो करत होता, म्हणजे हवेतच ठोसे मारून सराव, गॅलरीत.


सूरसागरकाठ:

पोराला शाबासकी सांगा. आत शिरायचं कसं ते मी त्याला दाखवीन.

काल डॉक्टरसाहेबांकडे जाऊन आलो. गाडीत मी मित्राला सगळं सांगितलं. जे इथे लिहिलं होतं तेच, त्याच शब्दांत. तो खिडकीबाहेर बघत राहिला. कीर्तिमंदिर मागे पडलं तेव्हा म्हणाला, "तू दाबलंस तेव्हा मी ओरडायला हवं होतं. चाचणी हुकेल म्हणून ओरडलो नाही."

स्केफॉइडच निघालं. अडतीस वर्षं न जुळलेलं, मधे स्पष्ट फट, आजूबाजूचे सांधे झिजलेले. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की वळण आता परत येणार नाही, पण काही हाडं एकमेकांना जोडून दुखणं कमी करता येईल. शस्त्रक्रियेचा विचार करून सांगतो म्हणाला.

एक्स-रेची फिल्म त्याने प्रकाशासमोर धरली आणि बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे तेव्हाच मोडलं होतं. तीन बाउट, नऊ राउंड मी मोडक्या हाताने काढले. आणि दोन जिंकलो."

फिल्म पाकिटात घालून त्याने ते माझ्याकडे न देता स्वतःच्या काखेत धरलं. घरी उतरल्यावर दारातूनच नातवाला हाक मारली.